एएलई चांगला चॅनेल सोडून भलत्याच चॅनेलवर दुवा का जुळवते?

नवा_चालक

नमस्कार. सहा केंद्रांच्या एका लहान एचएफ (३ ते ३० मेगाहर्ट्झच्या लघुलहरींच्या) रेडिओ जाळ्यातील मुख्य केंद्राची जबाबदारी काही महिन्यांपूर्वी माझ्याकडे आली. सर्व केंद्रांवर दुसऱ्या पिढीची एएलई असलेले १२५ वॅटचे रेडिओ आहेत. एएलई म्हणजे ऑटोमॅटिक लिंक एस्टॅब्लिशमेंट. रेडिओ ठरवून दिलेले चॅनेल सतत चाळत राहतो, कोणाला हाक मारायची असेल तेव्हा त्यातल्या त्यात बऱ्या चॅनेलवर स्वतःच हाक मारतो आणि समोरच्याशी दुवा जुळला की आपल्याला सूचना देतो. आमच्या यादीत ५.१ मेगाहर्ट्झपासून १८ मेगाहर्ट्झपर्यंत आठ चॅनेल आहेत.

माझ्यापुढे दोन अडचणी आहेत. पहिली अडचण सुमारे ६५० किलोमीटरवरील सर्वांत नव्या केंद्राची. दिवसा त्या केंद्रासाठी ९ मेगाहर्ट्झच्या जवळचा चॅनेल उत्तम असतो, हे आम्ही हाताने तो चॅनेल लावून, प्रत्यक्ष बोलून पाहिले आहे. तरीही एएलईने हाक मारली की साधारण निम्म्या वेळा त्या चॅनेलवर उत्तरच येत नाही. मग रेडिओ यादीतील पुढच्या चॅनेलकडे वळतो, कधी तिथे, तर कधी तिसऱ्या चॅनेलवर दुवा जुळवतो आणि तिथला आवाज कसाबसा समजण्याइतकाच असतो. दुसरी अडचण ११० किलोमीटरवरील जवळच्या केंद्राची. संध्याकाळ झाली की ते केंद्र नाहीसे होते आणि सूर्य चांगला वर आल्यावरच पुन्हा सापडते. आमच्यापासून सर्वांत जवळ असलेले केंद्रच रात्रभर न मिळावे, हे मला अजून पटत नाही.

एएलईवर कितपत विसंबावे आणि चालकाने स्वतः काय पाहावे, हा माझा मूळ प्रश्न आहे.

लघुलहरी

प्रश्न नेमक्या तपशिलांसह मांडल्याबद्दल आभार. उत्तर देण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करते. एएलईला आयनांबराचे, म्हणजे एचएफ लहरींना पृथ्वीकडे परत फिरवणाऱ्या वातावरणाच्या वरच्या भागाचे, ज्ञान नसते. तिच्याजवळ असते ती केवळ एक सारणी, म्हणजे कोणते केंद्र कोणत्या चॅनेलवर शेवटचे कसे ऐकू आले, याची गुणनोंद. दुसऱ्या पिढीच्या एएलईचा संदेश आठ सुरांतून जातो. हे सूर ७५० ते २५०० हर्ट्झ या पट्ट्यात २५० हर्ट्झच्या अंतराने बसवलेले आहेत, प्रत्येक सूर ८ मिलिसेकंद टिकतो आणि त्यातून ३ बिट जातात. प्रत्येक शब्द तीनदा पाठवला जातो आणि वर गोले पद्धतीची चूकदुरुस्ती असते, त्यामुळे कानाला जिथे केवळ खरखर ऐकू येते, तिथेही रेडिओ कित्येकदा पत्ता वाचू शकतो. किती बिट चुकले आणि सिग्नल गोंगाटापेक्षा किती वर होता, यावरून तो गुण देतो. आपण जिला ‘निवड’ म्हणतो, ती या गुणांच्या उतरत्या क्रमाने केलेली वाटचाल असते, त्यापलीकडे काही नाही.

त्यामुळे मला पुढील माहिती हवी आहे. त्या ९ मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर हाक अयशस्वी होते तेव्हा नोंदीत ‘उत्तर नाही’ असे दिसते की ‘चॅनेल व्यग्र’ असे? जेव्हा दुवा जुळतो तेव्हा दोन्ही बाजूंचे गुण कसे असतात? आणि ते केंद्र आपणहून तुम्हाला हाक मारते तेव्हा काय होते?

अँटेनाप्रेमी

माझ्या मते पहिल्या अडचणीचे कारण नव्या केंद्रावरील स्थानिक गोंगाट हेच असावे. आजकाल बहुतेक इमारतींमध्ये दिवे, चार्जर आणि सौर इन्व्हर्टर यांमुळे एचएफ पट्ट्यात प्रचंड खरखर असते आणि ती दिवसभर सारखी नसते. तुमचा सिग्नल तिथे पोहोचत असेल, पण गोंगाट वाढला की त्यात बुडत असेल. निम्म्या वेळा जमते आणि निम्म्या वेळा जमत नाही, याचा अर्थ मला तरी हाच दिसतो. तिथल्या माणसाला विजेवर चालणारी एकेक वस्तू बंद करून ऐकायला सांगा.

दुसऱ्या अडचणीसाठी एवढेच सांगा, की दोन्ही बाजूंना अँटेना कोणती आहे?

मूकश्रोता

अनेक वर्षे या विषयावरचे लेखन केवळ वाचत आलो आहे, आज पहिल्यांदा लिहितो आहे. रेडिओ आठ चॅनेल सतत चाळत असेल, तर हाक मारणाऱ्याला समोरचा त्या क्षणी नेमका कोणत्या चॅनेलवर आहे, हे कसे कळते?

लघुलहरी

मूकश्रोता, त्याला ते कळत नाही आणि कळण्याची गरजही नसते. हाक मारणारा एकाच चॅनेलवर थांबून समोरच्याचा पत्ता पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. ऐकणाऱ्याची चाळण्याची एक फेरी पूर्ण होईपर्यंत ही हाक चालू राहिली, की तो फिरत फिरत त्या चॅनेलवर येतोच. तिथे त्याला एएलईचे सूर जाणवतात, तो थांबतो, पत्ता वाचतो आणि पत्ता आपला असेल तर उत्तर देतो. मग हाक मारणारा त्या उत्तराची पोच देतो. हाक, उत्तर आणि पोच या तीन पायऱ्या पूर्ण झाल्या की दुवा जुळला असे मानले जाते.

नवा_चालक

सर्वांचे आभार. विचारलेली माहिती नोंदवहीतून काढून देतो.

अयशस्वी हाकांपुढे दर वेळी ‘उत्तर नाही’ अशीच नोंद आहे, ‘व्यग्र’ अशी एकदाही नाही. दुवा जुळतो तेव्हा ९ मेगाहर्ट्झवर दोन्ही बाजूंचे गुण चांगले असतात. लघुलहरी ताईंच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मात्र एक गोष्ट प्रथमच माझ्या लक्षात आली. नव्या केंद्राने आम्हाला मारलेली हाक त्या चॅनेलवर जवळजवळ कधीच वाया गेलेली नाही. हाका वाया जातात त्या फक्त आमच्याकडून तिकडे जाणाऱ्या. शिवाय तिथल्या सहकाऱ्याने सांगितले, की त्यांच्या सारणीत आमच्या केंद्रापुढील अनेक जागा रिकाम्या असतात, म्हणजे आमचे साउंडिंग (रेडिओने ठरावीक काळाने प्रत्येक चॅनेलवर आपला पत्ता आपोआप पाठवणे) त्यांना अनेकदा मिळतच नाही.

अँटेनाप्रेमी, जवळच्या केंद्रावर आणि आमच्याकडेही ट्यूनरसह (अँटेना प्रत्येक वारंवारतेला जुळवणाऱ्या उपकरणासह) उभी व्हिप, म्हणजे सरळ काठीसारखी, अँटेना आहे.

अँटेनाप्रेमी

मग माझे म्हणणे अधिकच पक्के झाले असे मला वाटते. तिकडून इकडे ऐकू येते आणि इकडून तिकडे येत नाही, याचा अर्थ ऐकण्याची अडचण तिकडे आहे. गोंगाट तिकडेच शोधा.

शून्यठोका

गोंगाट असो वा नसो, मुळात सारणी रिकामी राहू देऊ नये. साउंडिंगचा काळ दर पंधरा मिनिटांवर आणा, म्हणजे प्रत्येक केंद्राजवळ कायम ताजी माहिती राहील. आम्ही तसेच करतो आणि कोणत्याही वेळी हाक मारली तरी रेडिओ पहिल्याच प्रयत्नात योग्य चॅनेलवर जातो.

क्षेत्रमित्र

शून्यठोका, आपल्या अनुभवाचा आदर राखून मला याला विरोध करावासा वाटतो. समजा एका साउंडिंगला ५ सेकंद लागतात. आठ चॅनेलांची फेरी ४० सेकंदांची झाली. दर पंधरा मिनिटांनी फेरी म्हणजे तासाला १६० सेकंद, आणि सहा केंद्रे मिळून ९६० सेकंद, म्हणजे तासातील १६ मिनिटे कोणते ना कोणते केंद्र केवळ ‘मी इथे आहे’ एवढेच सांगत राहते. ट्यूनर जुळवण्याचा वेळ यात धरलेलाच नाही. साउंडिंग करत असलेला रेडिओ त्या वेळी चाळत नसतो, त्यामुळे नेमकी तेव्हा आलेली हाक हुकते. आणि हे चॅनेल पृथ्वीवर इतरही कोणी वापरत असतात.

मी मदतकार्यातील वाहनांवर एचएफ चालवली आहे. तिथे आम्ही वाहनांचे साउंडिंग पूर्णपणे बंद ठेवत असू. केवळ तळावरचा रेडिओ तासातून एकदा साउंडिंग करी आणि ते ऐकून वाहनांच्या सारण्या भरत. वाहनाला तळाशी बोलायचे असते, दोन वाहनांना एकमेकांशी क्वचितच. हाक कोण कोणाला मारणार आहे, हे पाहूनच साउंडिंग कोणी करायचे ते ठरवावे.

एएलईचे खरे मोल मला तिथेच कळले. वाहनचालकाला वारंवारता म्हणजे काय, हे माहीत नव्हते आणि ते माहीत असण्याची अपेक्षाही नव्हती. तो तळाचे नाव निवडून बटण दाबायचा, काही सेकंद वाट पाहायचा आणि बोलायचा. आवाज खराब असेल तेव्हा एएलईच्याच सुरांतून ९० अक्षरांपर्यंतचा लहान संदेश जाऊ शकतो. रस्ता बंद आहे, थांबतो आहोत, सर्व ठीक, एवढे त्यात मावते आणि अडचणीत सापडलेल्या माणसासाठी तेवढे पुष्कळ असते.

शून्यठोका

आपला हिशेब बरोबर आहे. आमच्या जाळ्यात तीनच केंद्रे आणि चारच चॅनेल आहेत, म्हणून आम्हाला त्याचा भार जाणवला नाही. सहा केंद्रांसाठी मी माझी सूचना मागे घेतो. तरी संधिकाळाच्या वेळी तासापूर्वीच्या नोंदीवर विसंबणे मला धोक्याचे वाटते, कारण त्या तासाभरात आयनांबर पूर्ण बदललेले असू शकते.

क्षेत्रमित्र

त्याविषयी माझेही मत तुमच्यासारखेच आहे. संधिकाळी आम्ही जुन्या नोंदी आपोआप गळून पडतील अशी मुदत लावत असू.

लघुलहरी

आता पहिल्या अडचणीकडे परत येते, कारण धागाकर्त्यांच्या शेवटच्या प्रतिसादात मला तिचे उत्तर दिसते आहे.

अँटेनाप्रेमी, गोंगाटाचा तर्क मला सुरुवातीला पटला होता, पण तो तीन पायऱ्यांच्या कसोटीवर टिकत नाही. नवे केंद्र हाक मारते तेव्हा मुख्य केंद्राने दिलेले उत्तर नव्या केंद्राला ऐकू यावेच लागते, नाहीतर ते पोच देणार नाही आणि दुवा जुळणार नाही. म्हणजे ज्या वेळी तिकडून हाक यशस्वी होते, त्या प्रत्येक वेळी इकडून तिकडे जाणारा सिग्नलही व्यवस्थित पोहोचलेला असतो. गोंगाट हेच कारण असते, तर दोन्ही दिशांच्या हाका सारख्याच अयशस्वी झाल्या असत्या. शिवाय दुवा जुळल्यावरचे गुण दोन्ही बाजूंना चांगले आहेत.

मग दोन दिशांत वेगळे काय आहे? केवळ सुरुवात. उत्तर आणि पोच यांच्या वेळी दोन्ही रेडिओ त्याच चॅनेलवर थांबलेले असतात. पहिल्या हाकेच्या वेळी मात्र ऐकणारा चॅनेल चाळत असतो. तेव्हा हाक त्याची फेरी पूर्ण होण्याआधीच संपत असेल, तर काही वेळा तो त्या चॅनेलवर पोहोचेपर्यंत सूर थांबलेले असतात. साउंडिंगलाही हाच नियम लागू आहे. तेही ऐकणाऱ्याच्या एका फेरीपेक्षा अधिक काळ चालावे लागते, आणि त्यांच्या सारणीतील रिकाम्या जागांचे कारण मला हेच वाटते.

प्रमाणित एएलईत चाळण्याचे दोन वेग रूढ आहेत, सेकंदाला २ चॅनेल किंवा ५ चॅनेल. आठ चॅनेलांची फेरी पहिल्या वेगाने ४ सेकंदांची होते, दुसऱ्या वेगाने १.६ सेकंदांची. कृपया दोन गोष्टी तपासा. नव्या केंद्राचा रेडिओ कोणत्या वेगाने चाळतो, आणि तुमच्या रेडिओत हाकेचा कालावधी किती ठेवला आहे? माझा अंदाज असा, की तिथे वेग २ राहून गेला आहे आणि तुमची हाक साधारण २ सेकंदांची आहे. ४ सेकंदांच्या फेरीत २ सेकंदांची हाक निम्म्या वेळाच सापडेल, आणि तुम्ही सांगितलेले प्रमाणही निम्मेच आहे. उलट त्यांची हाक ४ सेकंदांपेक्षा मोठी असल्याने तुमच्या १.६ सेकंदांच्या फेरीत ती दर वेळी सापडते.

अँटेनाप्रेमी

उत्तराच्या पायरीचा मी विचारच केला नव्हता. आपला तर्क मला पूर्णपणे पटला आणि माझे म्हणणे चुकीचे होते, हे मान्य करतो.

जवळच्या केंद्राबद्दल मात्र मी खात्रीने लिहू शकतो. ११० किलोमीटरवर जमिनीलगतची लहर डोंगर, झाडे आणि कोरडी माती यांत विरून जाते. अशा अंतरावर लहर जवळजवळ सरळ वर जाऊन आयनांबरावरून छत्रीसारखी खाली यावी लागते. उभी व्हिप क्षितिजाच्या दिशेने उत्तम पाठवते आणि नेमकी डोक्यावरच्या दिशेला तिची ताकद सर्वांत कमी असते. त्यामुळे दूरची केंद्रे मिळतात आणि जवळचे हुकते, यात काही नवल नाही.

दुसरे कारण वारंवारतेचे. सरळ वर पाठवलेली लहर परत यायची असेल, तर तिची वारंवारता आयनांबरातील एफ-२ थराच्या त्या वेळच्या क्रांतिक वारंवारतेपेक्षा कमी हवी. सूर्य मावळला की ही मर्यादा उतरत जाते आणि पहाटे, सूर्योदयाच्या थोडे आधी, तळाला पोहोचते. त्या वेळी ५.१ मेगाहर्ट्झची लहर थराला भेदून अवकाशात निघून जाते. ६५० किलोमीटरसाठी तीच लहर तिरकी जाते, म्हणून तिला थर परत फिरवू शकतो. तुमच्या यादीत ५.१ च्या खाली काहीच नाही, तेव्हा एएलईने कितीही शोधले तरी रात्रीसाठी तिला सापडण्यासारखे काही नाही.

दोन्ही बाजूंना आडवी द्विध्रुव (मधोमध केबल जोडलेली, दोन तारांची) अँटेना जमिनीपासून आठ ते दहा मीटर उंचीवर बांधा आणि ३ ते ४ मेगाहर्ट्झच्या दरम्यान निदान एक चॅनेल मिळवा. जागा असेल तर शेवटी रोध जोडलेली रुंदपट्टी घडीची द्विध्रुव अँटेना घ्यावी. रोधात काही शक्ती वाया जाते, हे खरे. पण तिला प्रत्येक चॅनेलवर वेगळे जुळवावे लागत नाही. सेकंदाला पाच चॅनेल चाळणाऱ्या रेडिओमागे ट्यूनरचे रिले धावू शकत नाहीत, म्हणून चाळताना व्हिप बहुधा न जुळवलेल्या अवस्थेतच ऐकत असते. रुंदपट्टी अँटेनेला ही उणीव नाही.

जुना_मोर्स

हे सर्व वाचताना मला एक खंत मांडावीशी वाटते. आमच्या काळी चालक सकाळच्या आणि रात्रीच्या वारंवारतांचा तक्ता पाठ करत असे, ठरलेल्या वेळी ठरलेल्या ठिकाणी ऐकत असे आणि सिग्नलच्या थरथरण्यावरून पट्टा उघडतो आहे की मिटतो आहे, हे ओळखत असे. आज बटण दाबणाऱ्याला तो कान राहिलेला नाही. धागाकर्त्यांना दोन्ही अडचणी आल्या, त्या यंत्र बिघडल्यामुळे नव्हेत, तर यंत्र काय करते आहे हे ऐकायला कोणी नसल्यामुळे आल्या, असे मला मनापासून वाटते.

क्षेत्रमित्र

काका, तुमच्या कानाबद्दल मला आदर आहे, पण असा कान तयार व्हायला वर्षे लागतात आणि मदतकार्यात ती वर्षे मिळत नाहीत. स्वयंचलित दुव्याची गरजच त्यातून निर्माण झाली. १९८० च्या दशकात निरनिराळ्या कंपन्यांच्या आपापल्या पद्धती होत्या आणि एकीचा रेडिओ दुसरीच्या हाकेला ओळखत नसे. १९८८ मध्ये अमेरिकी लष्करी मानक १८८-१४१ए आले, तेव्हापासून वेगवेगळ्या उत्पादकांचे रेडिओ एकमेकांशी दुवा जुळवू लागले. एका संस्थेच्या वाहनाने दुसऱ्या संस्थेच्या तळाला हाक मारावी आणि ती पोहोचावी, हे केवळ चांगल्या कानाने झाले नसते.

जुना_मोर्स

तुमचा मुद्दा मला मान्य आहे. माझे म्हणणे इतकेच, की चॅनेलांची यादी कोणी तरी माणसानेच भरलेली असते. ती भरणाऱ्याला आयनांबर कळले पाहिजे, त्याने आठवड्यातून निदान एकदा चाळणे थांबवून प्रत्येक चॅनेल स्वतः ऐकला पाहिजे. एखाद्या चॅनेलवर प्रसारणाचा बलाढ्य सिग्नल येऊन बसला असेल, तर सारणीत केवळ वाईट गुण दिसतील, त्यांचे कारण दिसणार नाही.

मूकश्रोता

काकांचा हा प्रतिसाद मी जपून ठेवणार आहे. सौर ज्वालेच्या वेळी एएलई काय करते, हे कोणी सांगू शकेल का?

लघुलहरी

ती सर्व चॅनेलांवर हाक मारून पाहते आणि शेवटी अपयश कळवते. ज्वालेतील क्ष-किरण सुमारे आठ मिनिटांत पृथ्वीवर पोहोचतात, दिवसाच्या बाजूचा आयनांबराचा सर्वांत खालचा डी थर दाट होतो आणि तो एचएफ लहरी शोषून घेतो. कमी वारंवारता आधी आणि अधिक प्रमाणात बुडतात, सावरतातही शेवटी. अशा वेळी अनेक जण रेडिओ बिघडला असे समजून त्याची मांडणी बदलतात, आणि पट्टा पुन्हा उघडतो तेव्हा खरोखरच काही चालेनासे होते. माझा नियम असा आहे, की दिवसा सर्व केंद्रे एकदम नाहीशी झाली, तर कशालाही हात न लावता वरच्या चॅनेलांवर दर दहा मिनिटांनी प्रयत्न करत राहायचे. रात्री मात्र हे कारण लागू होत नाही, तेव्हा आधी केबल आणि अँटेना तपासावी.

शून्यठोका

तिसऱ्या पिढीच्या एएलईत सर्व केंद्रे एकाच घड्याळाने चाळतात, त्यामुळे लांब हाकेची गरजच उरत नाही. ६५० किलोमीटरवरच्या केंद्राची अडचण तिथे उद्भवलीच नसती. रेडिओ बदलण्याचा विचार का करू नये?

लघुलहरी

तिसरी पिढी चांगली आहे, दुवा लवकर जुळतो आणि अधिक क्षीण सिग्नलवरही जुळतो, यात शंका नाही. पण तिचा पूर्ण लाभ मिळण्यासाठी सर्व केंद्रांची घड्याळे एकमेकांशी जुळलेली राहावी लागतात आणि एका केंद्राचे घड्याळ भरकटले तर ते केंद्र इतरांना सापडणे कठीण होते. मांडणीतील चूक तिथेही होऊ शकते, केवळ तिचे रूप वेगळे असेल. जाळ्याबाहेरच्यांशी बोलायचे असेल, तर दुसरी पिढी अजूनही सर्वांची सामायिक भाषा आहे. मी आधी आहे ते नीट बसवीन.

नवा_चालक

दहा दिवसांनी परत लिहितो आहे, कारण सांगण्यासारखे काही हाती आल्याशिवाय लिहायचे नाही, असे ठरवले होते.

लघुलहरी ताई, तुमचा अंदाज तंतोतंत खरा ठरला. नवे केंद्र सेकंदाला २ चॅनेल या वेगाने चाळत होते, बाकी पाचही केंद्रे ५ च्या वेगाने. आमच्या हाकेचा कालावधी २ सेकंद होता. प्रथम मी केवळ आमचा कालावधी ५ सेकंदांवर नेला आणि नव्या केंद्राला काहीही बदलायला सांगितले नाही, म्हणजे कारण नेमके तेच आहे की नाही हे कळेल. त्या दिवशी ९ मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर वीस हाका मारल्या आणि वीसही पोहोचल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा वेग इतरांसारखा ५ केला आणि आमचा कालावधी पुन्हा २ सेकंदांवर आणला. तेव्हापासून एकही हाक वाया गेलेली नाही. त्यांच्या सारणीतील रिकाम्या जागाही दोन दिवसांत भरल्या.

एएलई चांगला चॅनेल सोडत होती, असे मी शीर्षकात लिहिले आहे. प्रत्यक्षात ती दर वेळी आधी चांगल्याच चॅनेलवर जात होती, तिथे उत्तर न मिळाल्यामुळे पुढे सरकत होती. शीर्षक आता तसेच राहू देतो, म्हणजे हीच अडचण शोधणाऱ्या दुसऱ्या कोणाला हा धागा सापडेल.

साउंडिंग आता केवळ मुख्य केंद्र दर तासाला करते, संधिकाळी अर्ध्या तासाने. जुना मोर्स काकांच्या सांगण्यावरून चाळणे थांबवून आठही चॅनेल ऐकले. ११ मेगाहर्ट्झच्या जवळच्या चॅनेलला रात्री कायम वाईट गुण मिळत होते, तिथे शेजारच्या वारंवारतेवरील एक बलाढ्य प्रसारण केंद्र आमच्या पट्ट्यात सांडत असल्याचे ऐकू आले. तो चॅनेल रात्रीच्या यादीतून काढला आहे.

जवळच्या केंद्राचे काम अर्धे झाले आहे. दोन्ही बाजूंना नऊ मीटर उंचीवर आडव्या द्विध्रुव अँटेना बांधल्या. ५.१ मेगाहर्ट्झवर दिवसाचा सिग्नल लगेच सुधारला आणि संध्याकाळी पूर्वीपेक्षा सुमारे दीड तास अधिक टिकू लागला. त्यानंतर मात्र तो पूर्वीसारखाच नाहीसा होतो.

अँटेनाप्रेमी

आनंद वाटला. संध्याकाळनंतरचा तो भाग अँटेनेने सुटणार नाही, त्यासाठी कमी वारंवारता लागेलच. ३ ते ४ मेगाहर्ट्झच्या चॅनेलची परवानगी मागताना एकच मागू नका. पहाटेच्या तळाला ३.५ मेगाहर्ट्झही कदाचित भेदून जाईल, म्हणून २.५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा आणखी एक मागून ठेवा. दोन्ही अँटेनांच्या तारा मात्र त्यासाठी लांबवाव्या लागतील किंवा ट्यूनर जोडावा लागेल, कारण ३.५ मेगाहर्ट्झच्या अर्धलहरी द्विध्रुवाची लांबीच सुमारे ४१ मीटर होते.

लघुलहरी

आणि चॅनेल आठांचे दहा झाले की फेरी १.६ वरून २ सेकंदांची होईल, तेव्हा सहाही केंद्रांच्या हाकेचा कालावधी त्याच दिवशी वाढवा. मी २.५ सेकंद ठेवीन.

नवा_चालक

दोन्ही वारंवारतांसाठी अर्ज आज पाठवला आणि हाकेच्या कालावधीची सूचना सहाही केंद्रांच्या नोंदवहीत लिहून ठेवली. परवानगी आली की पहाटेचे निकाल इथेच लिहीन.